गोदावरीबाईंचा फोन यावा म्हणून

बूढापारा, रायपूर
रविवार, दुपारची वेळ, वीज गेलेली

आदरणीय विनायकभाऊजी यांना नरहरीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही मुद्दाम लिहिलं. पंखा बंद आहे, एका हाताने वारा घ्यायला हवा होता, तरी जोडले.)

आपल्या गुडघ्याची, साखरेची आणि रागाची, तिन्हींची चौकशी करतो. पहिल्या दोन गोष्टींचं कौमुदीताई फोनवर सांगते. तिसरीबद्दल ती काही बोलत नाही, त्यावरून ती गोष्ट उत्तम असावी. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आमच्या सौ. सुनीतीचं कंबरदुखीचं औषध चालू आहे, नातू शिशिर मराठी सगळं समजतो आणि हिंदीत उत्तर देतो, आणि बूढा तालाबाच्या काठावर सकाळी फिरायला जाणारे लोक अजून मला आवाजावरून ओळखतात. (तोंडावरून ओळखत नाहीत, ही रेडिओच्या धंद्यातल्या माणसाची जुनी शोकांतिका आहे.) आपल्याला व्हॉट्सॲपवर रोज सुप्रभात पाठवून राहिलो. त्याला दोन निळ्या रेघा येतात आणि पुढे काही येत नाही. त्या रेघांनाच मी तुमचा आशीर्वाद समजतो. पण आजचं काम रेघांनी भागण्यासारखं नाही, आणि पोस्टाचं पत्र माणूस फाडायच्या आधी एकदा तरी वाचतो असा माझा सिंचन विभागातला अनुभव आहे, म्हणून हा कागद.

काम थोडक्यात सांगतो. (हे वाचून तुम्ही हसला असाल. हसा.) आपला 'रेडिओ हव' आता समता कॉलनीत राहिला नाही. तो नवा रायपूरला काचेच्या इमारतीत गेला. मागच्या आठवड्यात मला तिथे बोलावणं आलं. बसची वाट पाहता पाहता माझा डबा उन्हात पुन्हा गरम झाला. तिथले रस्ते इतके रुंद की पलीकडून कोणी हात केला तर तो ओळखीचा आहे की टॅक्सी बोलावतोय, कळायला मार्ग नाही. आत गेलो तर नील नावाचा नवा मॅनेजर, अगदी पोट्टा, चेंडूवर बसला होता. खरंच चेंडूवर, खुर्ची असताना. त्यानं भिंतीवरच्या पडद्यावर मला दाखवलं की कोणता कार्यक्रम किती लोक ऐकतात. सगळ्यांच्या रेघा वरखाली नाचत होत्या. आपल्या मराठी अर्ध्या तासाची, म्हणजे 'अगत्य'ची, रेघ अंगणातल्या वाळवणाच्या दोरीसारखी सरळ. नील मोठ्या अदबीनं म्हणाला, "अंकल, आपको सुनता कौन है? एक नाम बताइए।" आणि माझ्या तोंडून, मला विचारायच्या आधीच, नाव गेलं, गोदावरीबाई.

नाव ऐकल्याबरोबर बाजूला बसलेली अनुश्री ताडकन उठली. ही सकाळचा हिंदी कार्यक्रम करणारी पोरगी, आपल्या समता कॉलनीतल्या मराठी घरातली. तिची आजी म्हणे दर रविवारी चहा घेऊन रेडिओपाशी बसायची, ती केवळ गोदावरीबाईंचा फोन ऐकायला. "दादी तो बस उन्हीं के लिए लगाती थी, अंकल. आप दोनों का झगड़ा." माझ्यासाठी नाही, बाईंसाठी. ही माहिती मी शांतपणे गिळली. नील मात्र खूश. पुढच्या रविवारी स्टेशनचा स्थापनादिन आहे, जुन्या दिवसांच्या आठवणींचा थेट कार्यक्रम आहे. त्यात गोदावरीबाईंचा फोन आला तर 'अगत्य' चालू राहील, नाही आला तर त्या वेळात राशीभविष्य. हा त्याचा निकाल. ज्या स्टेशनच्या नावातच 'हव', म्हणजे छत्तीसगढी होकार आहे, त्यांनी मला नकार द्यायला काचेची इमारत बांधली.

भाऊजी, तुम्ही म्हणाल, या वयात काहून हा हट्ट. तर ऐका. आठवडाभर मी हिंदीत जगतो. भाजी हिंदीत घेतो, डॉक्टरला हिंदीत दुखतं म्हणून सांगतो, नातवाला हिंदीत झोपवतो. रविवारचा तो अर्धा तास सोडला तर मराठीत भांडायला मला माणूस उरला नाही. (सुनीती आहे, पण ती भांडत नाही, ती निकाल देते.) तो अर्धा तास गेला तर माझं काय उरेल ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचीही हिंमत नाही. म्हणून गोदावरीबाई सापडायला हव्यात. कोणी सांगतं, बाई नागपूरला राहायला गेल्या. तुम्ही तिथे, तुमच्या रेल्वेत ओळखी, तेव्हा तपास तुम्हीच करू शकाल. आणि बाई कोण हे तुम्हाला कळायला हवं, कारण तुम्ही तर त्या काळात आमचा रेडिओ ऐकत नव्हतात. तशी शपथच घेतली होती तुम्ही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

राज्य नवं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि राजधानीला शोभेलसं काहीतरी हवं म्हणून भांड्यांच्या दुकानाच्या एका शेठनं एफएम स्टेशन काढलं. समता कॉलनीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. मराठी अर्धा तास ठेवण्यामागे शेठचं भाषाप्रेम नव्हतं. संक्रांतीला आपल्या बायका हळदीकुंकवात वाण म्हणून वाट्या आणि डबे लुटतात, त्या कुठून घेतात यावर शेठचं लक्ष होतं. आणि निवेदक म्हणून मला घेतलं, कारण मंडळाच्या गणेशोत्सवात भोंग्यावर मीच बोलत असे आणि शेठला माझा आवाज वर्षानुवर्षं दुकानात बसल्या बसल्या, इच्छा नसताना, ऐकावा लागला होता. तो म्हणाला, इतका मोठा आवाज फुकट जाऊन राहिला. स्टुडिओत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आणि खिडकीला गाद्या बांधल्या होत्या. गाद्या टेंट हाउसच्या, भाड्याच्या. आता टेंट हाउसच्या गादीवर पहिला हक्क लग्नाचा. त्यामुळे तुळशीचं लग्न लागलं की आमच्या भिंती उघड्या पडायच्या आणि आषाढापर्यंत सगळे निवेदक विहिरीत पडल्यासारखे बोलायचे. खालून दाताचं मशीन घरघरायचं. एकदा मी भक्तिगीत लावलं आणि खाली कोणाची तरी दाढ उपटली. त्या गाण्यातला आलाप फार आवडल्याचे दोन फोन आले.

मी माइकवर पहिल्या दिवशी काय केलं ते तुम्हाला कोणी तरी सांगितलंच असेल. मी माइकवर दोन टिचक्या मारल्या, फुंकर घातली, हॅलो हॅलो एक दोन तीन म्हटलं, आणि मागे ऐकू येतंय का असं विचारलं. मंडपात विचारतात. हरवलेल्या मुलांनी स्टेजजवळ यावं असंही म्हणालो, कारण ते म्हटल्याशिवाय मला सुरुवात झाल्यासारखं वाटत नसे. शेवटी सर्वांनी अगत्य येण्याचे करावे म्हणालो आणि पाचदहा मंडळी खरोखर आली, दवाखान्याच्या बाकावर बसली, त्यातल्या एकाचा दात डॉक्टरनं तपासून टाकला. पुढे कार्यक्रमाचं नावच 'अगत्य' पडलं. सांगायचा मुद्दा, माझं सगळं शिक्षण मंडपात झालं होतं, आणि मंडपातल्या माणसाला समोर माणसं दिसत असतात. रेडिओवर ती दिसत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. यात माझी चूक कुठे, हे मी आजही विचारतो.

आता त्या रविवारकडे येतो, तुम्हाला आवडो न आवडो. लग्नसराई होती. टेंट हाउसवाल्यानं खिडकीची गादी नेली होती, म्हणून मला खाली दिसत होतं, एरवी दिसलंही नसतं. (म्हणजे मुळात दोष लग्नसराईचा.) खाली गाल सुजलेला एक गृहस्थ आपली गाडी काढायला धडपडत होता आणि फाटकातच एक स्कूटर आडवी उभी होती. मी कार्यक्रमाच्या मधेच, मंडपाच्या सवयीनं, सूचना दिली. दवाखान्याच्या फाटकासमोर ज्यांची कोणाची हिरवी स्कूटर उभी आहे, सीट फाटलेली, फाटक्या जागी दोरी गुंडाळलेली, त्यांनी ती ताबडतोब हलवावी, अन्यथा मंडळ जबाबदार राहणार नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं असं सुनीती म्हणते. मी पुढे म्हणालो की काही लोकांना गाडी घ्यायची ऐपत असते, लावायची अक्कल नसते. मंडपात यावर टाळ्या पडतात.

कोणता दवाखाना ते मी सांगितलं नाही. मंडपात एकच फाटक असतं, सगळ्यांना दिसतं, सांगायचं काय. इकडे रायपुरात दवाखाने किती, आणि त्या काळी हिरव्या स्कूटरी किती. बूढापाऱ्यात लोक हातातला चहा टाकून खाली धावले. एका बाळंतपणाच्या दवाखान्यासमोर नवा बाप झालेला माणूस पेढे सोडून स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत गेला. वाहतुकीच्या शिपायानं, तोही रेडिओ ऐकत होता, सरकारी दवाखान्यासमोरच्या सगळ्या हिरव्या स्कूटरी उचलून एका ओळीत लावल्या, त्यात एक निळी होती तीही लावली. शहरात त्या दिवशी फक्त एकच हिरवी स्कूटर जागची हलली नाही. तिचा मालक खाली डॉक्टरच्या खुर्चीत आ वासून पडला होता, गाल बधिर, तोंडात दोन नळ्या, आणि डोक्यावर आमचाच रेडिओ लावलेला. त्याला आपल्या सीटचं, दोरीचं आणि अकलेचं वर्णन पूर्ण ऐकावं लागलं आणि एक शब्द उलट बोलता आला नाही. तो मालक आपण होतात.

तुम्ही जिना चढून वर आलात, तो प्रसंग मला स्पष्ट आठवतो, फक्त तुम्ही काय म्हणालात ते आठवत नाही, कारण तुमचा गाल बधिर होता आणि सगळे शब्द एकाच बाजूनं येऊन राहिले होते. अर्थ मला संध्याकाळी कौमुदीताईनं सांगितला. मी नरहरीच्या दारात पाय ठेवणार नाही आणि त्याचा रेडिओ जन्मात ऐकणार नाही. घरचा जावई, आणि सगळ्या राजधानीसमोर त्याची दोरी काढली. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. त्या साली धोंड्याचा महिना आला, आईनं तुमच्यासाठी स्वतः अनारसे तळले, तांब्याच्या ताटात मांडून पाठवले. अनारसे परत आले. ताट आलं नाही. (हे मी सहज सांगतो.) तेव्हापासून लग्नकार्यात तुम्ही समोरच्या पंगतीत बसता आणि माझ्याकडे पाहून मीठ मागता, माझ्याकडून नाही, वाढप्याकडून.

आणि योगायोग पाहा, त्याच्या पुढच्याच रविवारी 'अगत्य'ला पहिला फोन आला. टाटीबंधहून गोदावरीबाई बोलून राहिल्या होत्या. आवाज जाड, सर्दी झाल्यासारखा, मधेच उंच जाणारा. म्हणाल्या, "काहो निवेदकबुवा, तुमचा आवाज काहून असा फाटून राहिला? जवायाले भर बाजारात असं बोलतेत काय?" म्हटलं बाईंनाही जावई असावा आणि त्यांना त्याची फार काळजी असावी. त्यानंतर बाईंनी एक रविवार सोडला नाही. माझे उच्चार सुधारले, माझी गाणी नापसंत केली, मी शुद्ध बोलायला लागलो की मले पुस्तकी मराठी शिकवू नका म्हणून झापलं. दर वेळी शेवटी जावयाला कसा मान द्यावा यावर दोन शब्द. मीही सोडत नसे. सगळं मराठी रायपूर हे भांडण ऐकायला बसायचं, हे मला परवा अनुश्रीकडून कळलं.

तपासाला मदत व्हावी म्हणून बाईंच्या घराचे काही तपशील देतो. घर रेल्वे स्टेशनला अगदी लागून असावं, कारण त्या बोलत असताना मागून यात्रीगण कृपया ध्यान दें असं स्पष्ट ऐकू यायचं. (टाटीबंधपासून स्टेशन तसं बरंच दूर, पण वारा त्या दिशेनं असेल.) घरी पार्सलं फार येत असावीत. एकदा कोणी तरी आंब्याच्या पेट्या कुठे उतरवू म्हणून विचारलं, तेव्हा पलीकडून एका भरदार पुरुषी आवाजात थांब ना बे असं उत्तर गेलं आणि लगेच बाई खोकल्या. घरात कर्ता पुरुषमाणूस असणार. तुम्ही त्या काळात स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होता, तेव्हा शेजारीपाजारी म्हणून तुमच्या कानावर बाईंचं नाव आलं असण्याचा संभव आहे. बाईंचा फोन आला की सुनीती तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात जायची, ती अर्धा तास बाहेर यायची नाही. तिला कशाचं हसू यायचं ते मी कधी विचारलं नाही.

एक रविवार मात्र वेगळा होता, तो हसण्यावारी नेता येत नाही. आई गेली त्यानंतरचा. तेरवी झाली होती. तेरवीला तुम्ही आलात, कोपऱ्यात बसलात, माझ्याशी न बोलता जेवलात आणि गेलात. दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेलो, कारण घरात बसवत नव्हतं. माइक सुरू झाला, नमस्कार म्हटलं. भाऊजी, ज्या आवाजानं सगळ्या शहराच्या स्कूटरी हलवल्या तो आवाज शोधून सापडेना. तेवढ्यात फोन वाजला. बाई. त्या दिवशी त्यांनी मला झापलं नाही. म्हणाल्या, आज मी पाटवडीचा रस्सा सांगते, तुम्ही गप बसा. आणि त्यांनी सांगितला, बेसन किती सैल ठेवायचं, रश्शात जवस भाजून वाटून कधी घालायचा, वडी थापताना ताटाला तेलाचा हात कसा फिरवायचा, आणि पहिली वाटी जावयाला आणि दुसरी पोराला, पोरगा कितीही रुसला तरी. पूर्ण अर्धा तास बाई एकट्या बोलल्या. तो रस्सा माझ्या आईचा होता. टाटीबंधच्या बाईला माझ्या आईचा रस्सा कसा माहीत, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. मी माइकसमोर बसून रडलो, आवाज न करता, कारण आयुष्यात पहिल्यांदा मला गप बसायची परवानगी मिळाली होती. आईनंतर मला त्या दिवशी कोणी सावरलं असेल तर त्या बाईंनी.

पुढे तुम्ही निवृत्त होऊन नागपूरला गेलात. त्याच आठवड्यात बाईंचा फोन बंद झाला. हाही योगायोगच. मी किती रविवार विचारत राहिलो, टाटीबंधच्या गोदावरीबाई असतील तिथून त्यांनी एकदा संपर्क साधावा. लोकांना वाटलं निवेदकाचा जीव जडला. खोटं नव्हतं ते. तर भाऊजी, एवढी कृपा करा. नागपुरात चौकशी करा, बाई सापडल्या तर त्यांना सांगा की तो फाटक्या आवाजाचा माणूस पुढच्या रविवारी सकाळी माइकसमोर बसलेला आहे, आणि फोन आला नाही तर तो तिथून उठेल तो कायमचा.

कौमुदीताईला नमस्कार. मुलांना आशीर्वाद, कोणत्याही भाषेत.

आपला (निळ्या रेघांइतकाच)
नरहरी

ता. क. सुनीतीनं पत्र वाचलं. तिचं म्हणणं, नागपूरभर हिंडायची गरज नाही, बाईंच्या तपासाला तुमच्या घरातला आरसा पुरे. मी हे पाहिजे तर नुसतं कळवलं असं समजा. स्टुडिओचा नंबर कौमुदीताईच्या मोबाइलवर पाठवला आहे. सकाळी आठच्या थोडं आधी लावावा.

ता. क. आवाज वयानं आणखी जड झाला असेल तरी चालेल, गोदावरीबाईंचंही वय झालंच असणार. फक्त कौमुदीताईनं मागे हसू नये. आधीही, ती डबा घेऊन पार्सल ऑफिसात आली की, ऐकू येत असे.

ता. क. मला केव्हापासून माहीत होतं असं विचाराल. पहिल्याच रविवारी, पहिल्या 'काहून'ला. बोललो नाही, कारण बोललो असतो तर फोन बंद झाला असता, आणि मग तुम्ही माझ्याशी बोलायला दुसरी कोणती जागा शोधली असती.

ता. क. स्कूटर चुकीच्याच जागी उभी होती, या मतावर मी ठाम आहे. सीटचं सांगायला नको होतं असं सुनीतीचं मत आहे. थेट कार्यक्रमात बाईंनी या विषयावर मला हवं तेवढं झापावं. मधे बोलणार नाही.

ता. क. धोंड्याचा महिना पुन्हा येतो आहे. सुनीती अनारशाचं पीठ भिजवायला घेते आहे, आईच्याच मापानं. गोदावरीबाईंना वाण देण्याची आपल्यात रीत नाही, ते जावयालाच घ्यावं लागतं, आणि घरी येऊन घ्यावं लागतं. येताना ताट आणावं.